नोंद नसलेला मतदार

मतदारयादीत नाव घालण्यासाठी आपल्याकडे नमुना सहा भरावा लागतो. त्यात नाव, वय, पत्ता, घरातील एखाद्या नातेवाइकाचे नाव असे बरेच काही विचारले जाते. मात्र आपण कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न त्यात नाही, आणि तो कधी असू शकेल अशी कल्पनाही पुण्यातल्या कोणा मतदाराने केलेली नसेल. अमेरिकेत मात्र तीसएक राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्षही नोंदवता येतो. ती नोंद सरकारी दफ्तरात राहते, उमेदवारांच्या प्रचारयंत्रणांना ती मिळते, आणि कोणाच्या दारी जायचे व कोणाच्या नाही हे तिच्यावरून ठरते. आपण कोणाला मत दिले हे तेथेही गुप्तच असते. पण आपण स्वतःला कोणाचे म्हणवतो, हे उघड असते.

माझी भाची पेनसिल्व्हेनियात राहते. नागरिकत्व मिळाल्यावर तिने मतदारनोंदणीचा अर्ज भरला, तेव्हा त्यात डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन आणि आणखी एकदोन लहान पक्षांच्या चौकटी होत्या, आणि त्यांच्या खाली ‘कोणताही नाही’ अशी एक चौकट होती. तिने त्या शेवटच्या चौकटीत खूण केली. “मावशी, मला कोणाचं व्हायचं नाहीये. दर वेळी माणूस बघून ठरवीन,” असे ती मला फोनवर म्हणाली होती, आणि मला ते मनापासून पटले होते, कारण मतदानाचा हक्क मिळाल्यापासून मीही तेच करत आले आहे.

तिच्यासारख्यांची संख्या तेथे वाढते आहे. गॅलप ही संस्था कित्येक दशके अमेरिकन नागरिकांना विचारते, की आज राजकारणात तुम्ही स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता की स्वतंत्र. २०१४, २०२३ आणि २०२४ या वर्षांत स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्यांचे प्रमाण ४३ टक्के होते; २०२५ मध्ये ते ४५ टक्क्यांवर गेले, आणि दोन्ही मोठे पक्ष प्रत्येकी सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे ज्या देशात दीडशेहून अधिक वर्षे सत्ता दोनच पक्षांत फिरते आहे, तेथे सर्वांत मोठा गट या दोन्ही पक्षांचे नाव लावायला तयार नसलेल्यांचा आहे. हे वाचल्यावर पहिला विचार असा येतो, की मग हे लोक एकत्र येऊन दोन्ही पक्षांना बाजूला का सारत नाहीत. माझ्याही मनात तो आला, आणि त्याचे उत्तर शोधताना हा सगळा विषय मला आपल्या कसब्याच्या गल्ल्यांपर्यंत घेऊन आला.

पहिली गोष्ट अशी, की हा गट एकजिनसी नाही. स्वतंत्र म्हणवणाऱ्याला गॅलप पुढे आणखी एक प्रश्न विचारते: तरीही तुमचा कल कोणाकडे आहे? त्यावर बहुतेक जण एका पक्षाचे नाव घेतात. ज्यांचा कल कोणाकडेच नाही असे लोक दहा टक्क्यांच्या आसपास उरतात. कल असलेला स्वतंत्र मतदार प्रत्यक्ष मतदानात जवळजवळ पक्षाच्या माणसासारखाच वागतो, हे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आकडेवारीनिशी दाखवून दिले होते. तेव्हापासून काही अभ्यासक या वाढत्या संख्येकडे भ्रम म्हणूनच पाहतात: लोकांनी पाटी काढली आहे, सवय बदललेली नाही, असे त्यांचे म्हणणे.

मला हे म्हणणे अर्धेच पटते. पाटी काढणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. ज्या पक्षाला माणूस सलग पाच निवडणुकांत मत देतो, त्याचे नाव चारचौघांत सांगायला तो तयार नसेल, तर त्या पक्षाचे त्याच्यावरचे वजन कमी झाले आहे, एवढे तरी नक्की. तो पक्षाच्या सभेला जात नाही, वर्गणी देत नाही, पक्षाच्या चुकीचे समर्थन करण्याचे ओझे घेत नाही. तो मत देतो ते पुष्कळदा समोरच्या पक्षाच्या भीतीपोटी देतो. भीतीने बांधलेले मत आणि विश्वासाने दिलेले मत मोजणीत सारखेच भरते. पण पहिल्या प्रकारच्या मतावर उभा असलेला पक्ष सुधारण्याची तसदी घेत नाही, कारण समोरचा पक्ष भीतिदायक राहिला की त्याचे काम भागते. दोनच पक्ष असलेल्या व्यवस्थेचे हे सगळ्यांत मोठे दुखणे आहे असे मला वाटते, आणि पाटी काढणाऱ्यांची वाढती संख्या हे त्या दुखण्याचे लक्षण आहे.

या मतदाराने निकाल फिरतो का? कधी फिरतो, कधी फिरत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुका अलीकडे फार थोड्या मतांवर लागल्या आहेत. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील फरक एकत्र केला तरी तो ऐंशी हजारांच्या आत होता. २०२० मध्ये जॉर्जियाचा निकाल ११,७७९ मतांनी लागला. एवढ्या निसटत्या लढतीत कल नसलेले दहा टक्के लोक काय करतात याला अर्थातच महत्त्व येते. पण २०१२ मध्ये स्वतंत्र मतदारांत मिट रॉम्नी पुढे होते आणि अध्यक्ष ओबामा झाले. २०२४ च्या मतदानोत्तर चाचण्यांत स्वतंत्र म्हणवणाऱ्यांचा वाटा पहिल्यांदाच डेमोक्रॅट म्हणवणाऱ्यांहून जास्त निघाला, त्यांच्यात कमला हॅरिस किंचित पुढे होत्या, आणि निवडून ट्रम्प आले. स्वतंत्र मतदार जिंकला की निवडणूक जिंकली, हे वाहिन्यांवरचे आवडते विधान त्यामुळे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. आपल्या माणसांना मतदान केंद्रापर्यंत आणणे हेही तितकेच जड पारडे असते.

मला त्याहून बोलकी वाटते ती एकाच मतपत्रिकेवर दोन पक्षांत मत वाटण्याची रीत. एकेकाळी अमेरिकेत ती फार सामान्य होती. अध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि सिनेटसाठी दुसऱ्या पक्षाला मत देण्यात कोणाला वावगे वाटत नसे. ती ओसरत गेली. २०१६ मध्ये ज्या ज्या राज्यात सिनेटची निवडणूक होती, तेथे अध्यक्षपदासाठी जिंकलेल्या पक्षाचाच सिनेटर निवडून आला. सिनेटर थेट लोकांमधून निवडले जाऊ लागल्यापासून असे कधी घडले नव्हते. २०२० मध्ये केवळ मेन राज्याने वेगळा कौल दिला. मग २०२४ मध्ये ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांत ट्रम्प जिंकले आणि सिनेटवर डेमोक्रॅट निवडून गेले. अशा मतदारांची संख्या फार नसेल. पण ज्याने त्या दिवशी दोन वेगवेगळ्या माणसांचा स्वतंत्रपणे विचार केला, त्यालाच मी खरा स्वतंत्र मतदार म्हणेन, मग त्याची नोंद कोणत्याही चौकटीत असो.

पुण्यात हा मतदार महापालिकेच्या निवडणुकीत दिसतो. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असल्यामुळे एकेका मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात, आणि ‘पूर्ण पॅनल चालवा’ हा प्रत्येक पक्षाचा घोषा असतो. तरीही एक बाई एका पक्षाची, एक तरुण दुसऱ्या पक्षाचा, आणि ज्याने पाण्याच्या वेळी फोन उचलला तो तिसऱ्या पक्षाचा, असे मत वाटणारे लोक प्रत्येक गल्लीत असतात. कार्यकर्ते त्याला क्रॉस व्होटिंग म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात त्याविषयी नाराजी असते. मतदारयादीची पाने घेऊन बसलेला अनुभवी कार्यकर्ता कोणती इमारत आपली, कोणती समोरच्यांची आणि कोणती ‘कुंपणावरची’ हे बोटावर सांगतो. आमच्याकडे पक्षाची नोंद सरकार ठेवत नाही. ती या कार्यकर्त्यांच्या वहीत असते.

मी कसब्याची मतदार आहे. आमच्या मतदारसंघाविषयी १९९५ पासून एक गृहीत धरलेले असे, की निवडणूक म्हणजे भाजपच्या मताधिक्याची मोजणी. गिरीश बापट तेथून सलग पाच वेळा निवडून आले, २०१९ मध्ये मुक्ता टिळक आल्या. त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजार मतांनी विजयी झाले. त्या दिवसांत सदाशिव आणि नारायण पेठेत मी जे बोलणे ऐकले, त्यात पक्ष सोडल्याची भाषा कोणी करत नव्हते. ‘या वेळी नाही’ एवढेच लोक म्हणत होते. कोणी उमेदवारीवर नाराज होते, कोणी गृहीत धरले जाण्यावर, कोणाला समोरचा माणूस सहज भेटणारा वाटत होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात भाजपचे हेमंत रासने एकोणीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. मी कोणाला मत दिले ते येथे सांगण्याचे कारण नाही; पण दोन वर्षांच्या आत दोन वेगळे कौल देणाऱ्या त्या काही हजार माणसांविषयी मला आदर वाटतो. त्यांनी दोन्ही वेळा आपले मत स्वतःजवळ ठेवले होते.

पुढे मार्च २०२५ मध्ये धंगेकर काँग्रेस सोडून शिवसेनेच्या शिंदे गटात गेले, म्हणजे ज्या पक्षाला हरवून ते आमदार झाले होते त्याच्या मित्रपक्षात. येथे आपला प्रश्न अमेरिकेच्या प्रश्नापासून वेगळा होतो. तेथे मतदार पाटी काढतो आहे आणि पक्ष जागच्या जागी आहेत. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि सहा पक्ष दोन आघाड्यांत उभे राहिल्याने वरवर पाहता आपल्याकडेही लढत दोन बाजूंची झाली. पण त्या बाजूंमधली माणसे मतदाराच्या डोळ्यांदेखत जागा बदलत राहिली. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत तर राज्याच्या मंत्रिमंडळात शेजारी बसणारे भाजप आणि अजित पवारांची राष्ट्रवादी पुण्यात समोरासमोर होते. अशा वेळी पक्षाशी निष्ठा ठेवणाऱ्या मतदाराने नेमकी कोणाशी निष्ठा ठेवायची, हा प्रश्न प्रामाणिक कार्यकर्त्यांनाही छळतो, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. या परिस्थितीत पक्षाच्या नावापलीकडे पाहणे पुष्कळांना भागच पडले आहे.

पाहून करायचे काय, हा पुढचा प्रश्न, आणि तो मला भाचीच्या एका फोनमुळे नीट कळला. पेनसिल्व्हेनियात प्राथमिक निवडणूक बंद स्वरूपाची आहे. पक्षाचा उमेदवार निवडण्याचा हक्क केवळ त्या पक्षाची नोंद असलेल्या मतदारालाच आहे. तिची दोन्ही मुले सरकारी शाळेत आहेत. तेथे शाळांचा कारभार नऊ जणांचे निवडून आलेले मंडळ पाहते. घरमालकांवर शाळेसाठी किती कर बसवायचा हेही तेच मंडळ ठरवते. विशेष म्हणजे या मंडळाच्या उमेदवाराला एकाच वेळी दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहण्याची मुभा आहे. तो दोन्हीकडे जिंकला, तर नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्याच्यासमोर पुष्कळदा कोणीच उरत नाही. पक्षीय राजकारण शाळेत येऊ नये, हा त्या मुभेमागचा विचार. परिणाम मात्र असा, की ज्यांनी कोणताच पक्ष नोंदवला नाही त्यांनाच या निवडीतून वगळले जाते. मेमध्ये आपल्या मुलांच्या शाळेविषयीचा निर्णय झाला आणि आपल्याला त्यात मत नव्हते, हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

पंगतीत काय वाढायचे हे स्वयंपाकघरात आधीच ठरलेले असते. पानावर बसलेल्याला हे घेतो, ते नको, एवढेच म्हणता येते. स्वतंत्र मतदाराची गत तशी आहे. तो शेवटी निर्णायक ठरला तरी ज्या दोघांतून निवडायचे, ते दोघे त्याला न विचारता आलेले असतात. आणि हे दोघे ठरवायला जे मोजके लोक येतात, ते सहसा दोन्ही टोकांचे, अधिक कडवे असतात, असा अमेरिकेतील सुधारणावाद्यांचा आक्षेप आहे. अभ्यासक त्यावर वाद घालतात. मला मात्र कडवेपणाच्या मुद्द्याहून वगळले जाण्याचा मुद्दा मोठा वाटतो.

तेथे यावर कायद्याने मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१० मध्ये अशी पद्धत स्वीकारली, की पहिल्या फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतील, कोणीही मतदार कोणालाही मत देईल आणि पहिले दोघे नोव्हेंबरला समोरासमोर येतील, मग ते एकाच पक्षाचे असले तरी चालेल. अलास्काने २०२० मध्ये त्यापुढे पाऊल टाकले: पहिले चार जण अंतिम फेरीत, आणि तेथे मतदाराने पसंतीक्रम द्यायचा. त्या राज्यातील निम्म्याहून अधिक नोंदणीकृत मतदार कोणत्याच पक्षाचे नाहीत, त्यामुळे हा बदल तेथे रुजला यात नवल नाही. लिसा मुर्कोव्स्की यांची कथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्या हरल्या. मग मतपत्रिकेवर त्यांचे नाव नसताना लोकांनी ते हाताने लिहिले आणि त्यांना सिनेटवर पाठवले. २०२१ मध्ये महाभियोगाच्या खटल्यात त्यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिले, राज्यातील पक्षाने त्यांचा निषेध केला, आणि २०२२ मध्ये नव्या पद्धतीने त्या पुन्हा निवडून आल्या. पक्षाला नको असलेली, पण राज्याला हवी असलेली व्यक्ती टिकू शकली ती नियम बदलल्यामुळे.

तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगॉन अशा राज्यांत असे बदल मतदारांनीच नाकारले, आणि अलास्कात नवी पद्धत रद्द करण्याचा ठराव हजाराहून कमी मतांनी फेटाळला गेला. स्वतंत्र म्हणवणारे इतके असताना असे का व्हावे? मला वाटते, पाटी काढणे हा एकेकट्याचा निर्णय असतो. दोन्ही पक्षांकडे कचेऱ्या, पैसा, कार्यकर्ते असतात. पक्ष नाकारणाऱ्यांना मात्र एकमेकांचा पत्ताच नसतो. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना अपक्ष म्हणून जवळजवळ एकोणीस टक्के मते पडली आणि अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत मिळाले नाही. एवढा मोठा असंतोष नंतर विरून गेला, कारण निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी त्याला जाण्यासाठी जागा नव्हती.

आपल्याकडे अपक्षांना जागा मिळालेली आहे. १९९५ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांच्या पाठिंब्याशिवाय सरकार बनले नसते. पण त्यांतील पुष्कळ जण तिकीट नाकारलेले पक्षाचेच लोक होते. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर यंत्रावर ‘नोटा’ आला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात सत्तावीस हजारांहून अधिक लोकांनी ते बटण दाबले आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, तरी निकालावर त्याचा काही परिणाम होणार नव्हता. नकार नोंदवता येतो. पर्याय त्यातून तयार होत नाही.

भाचीने शेवटी नोंद बदलली. तिच्या भागात ज्या पक्षाचे प्राबल्य आहे त्याचे नाव तिने लावले, कारण निवड तेथेच होते. “मी त्यांची झाले नाहीये, मावशी. आत बसल्याशिवाय बोलताच येत नाही, म्हणून आत गेले,” ती म्हणाली. मला त्यात काही गैर वाटले नाही, मात्र मुलांच्या शाळेसाठी आईला अशी नोंद करावी लागणे हे मला न्याय्यही वाटत नाही. मग तिने विचारले, की तुमच्याकडे उमेदवार कोण ठरवतं. मी तिला एबी फॉर्मविषयी सांगितले: अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत इच्छुकांना पक्षाचा तो कागद मिळणार की नाही हे कळत नाही, रात्री कोणाचे नाव पक्के होते आणि सकाळी ते बदलते, आणि प्रभागातील मतदाराला, पक्षाच्या सदस्यालाही, त्यात विचारण्याची कोणतीही रीत नाही. पेनसिल्व्हेनियातला दरवाजा पक्ष न नोंदवणाऱ्यांना बंद आहे. आमच्याकडे तो सगळ्यांनाच बंद आहे.

तेव्हापासून आमच्या भागातील काही जण एक गोष्ट करू पाहत आहोत. उमेदवार जाहीर झाल्यावर त्यांना बोलावण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. आम्ही इच्छुकांना बोलावायला सुरुवात केली आहे, एबी फॉर्म वाटले जाण्याच्या पुष्कळ आधी, सगळ्या पक्षांच्या. पहिल्या बैठकीला थोडेच आले, आणि एकाने स्पष्ट सांगितले, की पक्षाने नाव ठरवण्यापूर्वी बोललो तर तिकीट जाईल. जे आले त्यांना आम्ही शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरच्या बांधकामबंदीत अडकलेल्या वाड्यांविषयी विचारले, सकाळच्या पाण्याच्या दाबाविषयी विचारले, आणि निवडून आल्यावर पक्ष बदलायचा झाल्यास आधी या लोकांसमोर येऊन सांगाल का, असेही विचारले. शेवटच्या प्रश्नावर दोघांनी होकार दिला. आम्ही त्यांची उत्तरे तारखेसह लिहून घेतली असून ती वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे, आणि पुढची बैठक दिवाळीनंतर घ्यायची ठरली आहे.